घड्याळ आणि शेजारधर्म

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात कुंभिवली नावाचे एक लहानसे गाव आहे. खारपाड्याहून सावरोलीकडे जाणारा रस्ता या परिसरातून जातो. एका बाजूला कारखान्यांची कुंपणे, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे आणि दूरवर डोंगरांची रांग असा हा मुलूख. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही चौघे या रस्त्याने खोपोलीला निघालो होतो. आदल्या रात्रीचा मुक्काम अलिबागला झाला होता. खोपोलीत एका नातलगाच्या नव्या घराला आशीर्वाद देण्याचा विधी होता. धर्मगुरूंनी अकराची वेळ दिली होती, आणि आम्ही कुंभिवलीजवळ आलो तेव्हा अकराला जेमतेम दहा मिनिटे उरली होती.

तेथे रस्त्याच्या कडेला एक मनुष्य पडलेला दिसला. शेजारी त्याची सायकल आडवी झाली होती. त्याचा एक हात अंगाखाली होता आणि चेहरा मातीकडे वळलेला होता. गाडीचा वेग किंचित मंदावला. "प्यालेला असेल," आमच्यापैकी एक जण म्हणाला. "मागून गाड्या येताहेत, कोणीतरी थांबेलच," दुसऱ्याने म्हटले. तिसऱ्याने काही न बोलता घड्याळाकडे पाहिले. चौथा गाडी चालवीत होता. वेग पुन्हा वाढला आणि आम्ही पुढे गेलो.

विधी यथासांग पार पडला. प्रार्थनेत आम्ही मनापासून सहभागी झालो, निदान तसे आम्हाला वाटले. जेवताना मात्र चौघांपैकी कोणीही त्या मनुष्याचा विषय काढला नाही, आणि ते मौनच पुरेसे बोलके होते. परतताना, न ठरवताच, आम्ही त्या जागी थांबलो. जवळच चहाची एक टपरी होती. तिच्या मालकाला आम्ही चौकशी केली. तो म्हणाला, "नेला की त्याला. भाजीचा टेंपो चालला होता, त्यानं उचलून घातला नि नेला दवाखान्यात. पुढचं काय म्हाईत नाय." मग आमच्याकडे नीट पाहत त्याने विचारले, "तुम्ही कोण त्याचे?"

या प्रश्नाला आम्हाला उत्तर देता आले नाही.

पुढे बरेच दिवस आम्ही स्वतःला एकच प्रश्न विचारीत राहिलो. आम्ही निर्दय माणसे आहोत काय? आमच्या ओळखीचे लोक तसे म्हणणार नाहीत. आजारी शेजाऱ्याला रात्री-अपरात्री इस्पितळात नेणारे, गावातल्या प्रत्येक मयतीला उभे राहणारे असेच आम्ही आहोत. मग त्या सकाळी काय झाले? या प्रश्नाचा माग काढता काढता आमच्या वाचनात एक मानसशास्त्रीय प्रयोग आला. तो आमच्यावरच केला होता की काय, असे आम्हाला वाटले.

अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मगुरू आणि धर्मसेवक घडविणारे एक ईशज्ञान विद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत १९७३ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगात चाळीस विद्यार्थी होते. प्रत्येकाला एका इमारतीत बोलावून, शेजारच्या इमारतीत जाऊन एक लहानसे भाषण करावयास सांगण्यात आले. निम्म्यांना विषय दिला होता ईशज्ञानाच्या पदवीधरांना मिळू शकणाऱ्या नोकऱ्यांचा. उरलेल्यांना दिला होता लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला. काहींना सांगण्यात आले, 'तुम्हाला उशीर झाला आहे, ते वाट पाहत आहेत.' काहींना सांगितले, 'आता निघा.' उरलेल्यांना सांगितले, 'तेथे अजून थोडा वेळ आहे, पण निघालात तरी चालेल.' दोन्ही इमारतींमधल्या बोळात एक मनुष्य दाराशी कोसळल्यासारखा बसलेला होता. त्याची मान खाली होती आणि डोळे मिटलेले होते. विद्यार्थी जवळून जाताना तो खोकत आणि कण्हत असे. तो अर्थात संशोधकांनीच बसविलेला होता.

ज्यांना वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी त्याला कोणत्या ना कोणत्या प्रकारे मदत केली. मध्यम घाईतल्यांपैकी ४५ टक्क्यांनी केली. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यातील अवघ्या १० टक्क्यांनी केली. काही जण तर शोमरोन्याच्या दाखल्यावर प्रवचन देण्यासाठी जाताना त्या मनुष्याला ओलांडून गेले. धर्माकडे पाहण्याची ज्याची त्याची वृत्ती कशी होती, हेही संशोधकांनी आधी प्रश्नावलीद्वारे जाणून घेतले होते. कोण थांबेल आणि कोण थांबणार नाही, याचा अंदाज त्या वृत्तीवरून बांधता आला नाही. घड्याळावरून मात्र बांधता आला.

हे वाचून आमची पहिली प्रतिक्रिया सुटकेची होती, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. भावी धर्मगुरूंची ही कथा, तर आमच्यासारख्या सामान्य प्रापंचिकांची काय? शिवाय विज्ञानानेच सांगितले की दोष आमचा नव्हे, घाईचा. आमच्यापैकी एकाने 'कोणीतरी थांबेलच' असे म्हटले होते. त्या वाक्याचेही स्पष्टीकरण तयार होते. बिब लातने आणि याच डार्ली यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून यंत्राद्वारे परस्परांशी बोलावयास लावले होते. मध्येच बोलणाऱ्यांपैकी एकाला फेफऱ्याचा झटका आल्याचे ऐकू येई. आपण एकटेच ऐकत आहोत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी ८५ टक्के लोक झटका ओसरण्याआधीच मदतीसाठी बाहेर आले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यातील मात्र ३१ टक्केच तेवढ्या वेळात आले. जबाबदारी जितक्या खांद्यांवर वाटली जाते तितकी ती प्रत्येक खांद्यावर हलकी होते, असा याचा निष्कर्ष निघाला. आमच्या मागे गाड्यांची रांग होती. म्हणजे येथेही आम्ही नियमाला धरूनच वागलो होतो!

परंतु सुटकेची ही भावना फार दिवस टिकली नाही. तिच्यात काहीतरी खोटे आहे असे जाणवत राहिले. त्या मनुष्याविषयी आम्ही काय म्हटले होते? 'प्यालेला असेल.' म्हणजे त्याच्या पडण्याचे कारण आम्ही त्याच्या स्वभावात, त्याच्या व्यसनात शोधले. उन्हाने घेरी आली असेल, मागून वाहनाचा धक्का लागला असेल, मधुमेहाने शुद्ध हरपली असेल, यांपैकी काही आमच्या मनात आले नाही. स्वतःच्या न थांबण्याचे कारण मात्र आम्ही घाईत, रहदारीत आणि दिलेल्या वेळेत, म्हणजे परिस्थितीत शोधले. दुसऱ्याचे वागणे त्याच्या स्वभावातून आले असे मानून परिस्थितीकडे दुर्लक्ष करण्याच्या या प्रवृत्तीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली 'मूलभूत आरोपणदोष' अशा अर्थाचे नाव दिले. आम्ही हा दोष केलाच. शिवाय ज्या उदारतेने आम्ही स्वतःची बाजू मांडली, त्या उदारतेचा कणभरही त्याच्या वाट्याला येऊ दिला नाही.

येथेच आम्हाला विज्ञानाच्या या साऱ्या निष्कर्षांचा नैतिक उपयोग कळू लागला. माणसाच्या वागण्यावर परिस्थितीची पकड किती घट्ट असते हे ज्ञान दुधारी आहे. ते स्वतःवर पांघरले तर त्याचे निमित्त होते. दुसऱ्यासाठी वापरले तर त्याची क्षमा होते. आणि स्वतःकडे वळविले, पण पांघरूण म्हणून नव्हे तर कंदील म्हणून, तर त्याची सावधगिरी होते.

कोणी विचारील, परिस्थितीनेच माणूस वागत असेल तर पाप-पुण्याला अर्थ काय उरला? हा प्रश्न आजचा नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात मद्यप्याचे उदाहरण घेतले आहे. नशेत केलेल्या कृत्याच्या वेळी त्या माणसाला भान नव्हते हे खरे. परंतु नशा करणे किंवा न करणे त्याच्या हाती होते. म्हणून काही ठिकाणी नशेतल्या अपराधाला दुप्पट दंड असे, हे तो नमूद करतो. कॅथॉलिक नीतिविचारही याच वळणाचा आहे. अनवधान, भीती, सवय, दबाव यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी नाहीशीही होऊ शकते, हे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात मान्य केले आहे. त्याचबरोबर, आपल्याच हलगर्जीपणातून आलेले अज्ञान माणसाला निर्दोष ठरवीत नाही, हेही तेथे बजावले आहे.

आता हा न्याय आमच्या प्रसंगाला लावून पाहावा. त्या क्षणी, दहा मिनिटे उरलेली असताना, चालत्या गाडीत आमचे मन किती मोकळे होते? कदाचित फारसे नव्हते. परंतु अलिबागहून उशिरा निघणे आमच्या हाती होते. सकाळचा दुसरा चहा, गप्पा, 'पोहोचू की वेळेवर' हा आत्मविश्वास, हे सारे आम्ही निवडलेले होते. तो मनुष्य प्यालेला होता की नाही, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. आम्ही मात्र घाईने झिंगलेलो होतो, आणि ती नशा आमची आम्हीच केली होती. न केलेल्या कर्तव्याबद्दल आपण दर मिस्सेच्या आरंभी क्षमा मागतो. ती क्षमा मागताना आपण बहुधा त्या एका क्षणाचा विचार करतो. वस्तुतः चूक पुष्कळदा त्या क्षणाच्या तासभर आधी घडलेली असते.

विज्ञानाचे निष्कर्षही अंतिम शब्द म्हणून घेऊ नयेत. प्रिन्स्टनच्या प्रयोगातले विद्यार्थी अवघे चाळीस होते. ज्यांना शोमरोन्याचा दाखला दिला होता त्यांच्यापैकी ५३ टक्क्यांनी मदत केली, तर नोकरीचा विषय मिळालेल्यांपैकी २९ टक्क्यांनी. संख्या इतकी लहान होती की हा फरक योगायोगाचा नाही असे संशोधकांना खात्रीने म्हणता आले नाही. परंतु दाखल्याचा काहीच परिणाम झाला नाही, असेही त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय संशोधकांनी आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. न थांबता पुढे गेलेले अनेक विद्यार्थी भाषणाच्या जागी पोहोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. त्यांना दया नव्हती असे नव्हे. एकीकडे वाट पाहणारा परीक्षक आणि दुसरीकडे कण्हणारा अनोळखी, अशा दोन कर्तव्यांमध्ये ते सापडले होते, आणि ज्याला वेळ दिली होती तो जिंकला. आमच्या जेवणातले मौन आम्हाला येथे ओळखू आले.

लातने आणि डार्ली यांच्या संशोधनाला चालना मिळाली ती १९६४ साली न्यू यॉर्कमध्ये झालेल्या किटी जिनोव्हीज या तरुणीच्या हत्येमुळे. ३८ जणांनी तो प्रकार पाहिला आणि कोणीही हालचाल केली नाही, अशी तेव्हाची बातमी होती. ती अतिरंजित होती, हे पुढे स्पष्ट झाले. २००७ साली अभ्यासकांनी ते दाखवून दिले, आणि २०१६ साली खुद्द न्यू यॉर्क टाइम्सने आपल्या मूळ वृत्तातील त्रुटी मान्य केल्या. २०१९ साली ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या शहरांतील रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या २१९ भांडणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९१ टक्के प्रसंगांत बघ्यांपैकी निदान एक जण तरी मध्ये पडलेला आढळला. बघे जितके अधिक, तितकी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही अधिक होती. प्रत्येक माणूस एकेकटा कचरतो हे खरे असेल. पण संकट डोळ्यांसमोर स्पष्ट असते तेव्हा माणसांच्या घोळक्यातून कोणीतरी पुढे येतेच.

याचा दाखला शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. कुंभिवली ज्या तालुक्यात आहे त्याच खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या आदिवासी वस्तीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. अवजड यंत्रे वर नेणे अशक्य होते. मुसळधार पावसात, चिखलातून, अंधारात डोंगर चढून माणसे वर गेली. त्यांत आसपासच्या गावांतले तरुण होते, गिरिभ्रमण करणारे होते, आपत्ती निवारण दलाचे जवान होते. फावडी आणि कुदळी घेऊन त्यांनी ढिगारे उपसले. अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा तो चढ चढतानाच हृदयविकाराने अंत झाला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. त्या रात्री 'मागून कोणीतरी येईल' असे म्हणण्यासारखे कोणी नव्हते. आणि हाक कशाची आहे, याविषयी शंकाही नव्हती.

म्हणजे एकाच भूमीवर, त्याच प्रकारची माणसे, डोंगरावर प्राण पणाला लावतात आणि सपाट रस्त्यावर गाडीचा वेग कमी करीत नाहीत. माणूस मुळात चांगला की वाईट, या प्रश्नाला यातून उत्तर मिळत नाही. पण एक गोष्ट कळते. चांगुलपणाला स्पष्ट हाक लागते, थोडी सवड लागते आणि कचरणाऱ्या पावलाखालचा काटा काढून टाकावा लागतो.

आपल्या रस्त्यांवर तो काटा पोलिसांच्या फेऱ्यांचा आणि कोर्टकचेरीचा होता. 'मदत करायला जावे आणि साक्षीदार होऊन बसावे' हे भय आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याचे रक्षण करणाऱ्या केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांना ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक स्वरूप दिले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात अशा माणसाला 'गुड समॅरिटन' असेच नाव दिले आहे. यरीहोच्या वाटेवरचा तो परका मनुष्य दोन हजार वर्षांनी भारताच्या कायद्यात येऊन उभा राहिला आहे. परंतु कायदा भय काढू शकतो, वेळ देऊ शकत नाही. वेळ ज्याचा त्यानेच काढावा लागतो.

वेळ काढण्याने काय घडू शकते, याचे एक उदाहरण शेजारच्या कर्जत तालुक्यात आहे. १९८८ च्या सुमारास मुंबईतील डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी हे मनोविकारतज्ज्ञ दांपत्य एका उपाहारगृहात बसले असताना, त्यांना बाहेर एक कृश, विस्कटलेला तरुण गटारातले पाणी पिताना दिसला. ते उठून त्याच्याकडे गेले, त्याला आपल्या शुश्रूषागृहात आणले आणि उपचार सुरू केले. तो पदवीधर निघाला, आणि बरा होऊन आपल्या घरी परतला. त्यातूनच श्रद्धा पुनर्वसन संस्था उभी राहिली. २००६ पासून कर्जत येथे तिचे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना तिने आपापल्या कुटुंबांत पोहोचविले. २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हाला या कथेच्या आरंभातला एक लहानसा तपशील महत्त्वाचा वाटतो. ती दोघे बसलेली होती. त्या तरुणाजवळून आणखी कितीतरी लोक गेले असतील, आणि त्यांनी मनात 'वेडा आहे' असा निकालही दिला असेल. या दोघांना मात्र त्या शब्दामागे एक आजार दिसला, आणि त्या आजारामागे कोणाचा तरी मुलगा दिसला.

शोमरोन्याच्या दाखल्यातही एक तपशील असा आहे की ज्याच्यावर प्रवचनांत क्वचितच भर दिला जातो. तो मनुष्य जखमांना तेल लावून पुढे निघून गेला नाही. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, त्याच्याजवळ राहिला आणि दुसऱ्या दिवशी पैसे देऊन निघाला. म्हणजे त्याने एक संपूर्ण रात्र दिली. त्यालाही कोठेतरी जायचे होतेच. त्याचीही कोणीतरी वाट पाहत असणार. दोन दीनारांपेक्षा ती रात्र अधिक मोलाची होती असे आम्हाला वाटते.

माणसाच्या मनाविषयीचे ज्ञान केवळ कपाटात राहत नाही, याचाही पुरावा आहे. जबाबदारी कशी वाटली जाते आणि बघे कसे थिजतात, या विषयावरचे व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यांची दोन आठवड्यांनी, त्यांच्या नकळत, परीक्षा पाहण्यात आली. तो अभ्यास १९७८ सालचा आहे. ते व्याख्यान न ऐकलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थी मदतीला थांबले. ऐकलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के थांबले. आपण कोठे घसरतो हे ज्याला कळले, तो तेथे पाऊल जपून टाकू शकतो. सगळेच टाकतील असे नाही, पण काही जण नक्कीच टाकतील.

आमच्यापुरते सांगायचे तर त्या दिवसापासून आम्ही ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी घरातून निघतो. हा काही मोठा पराक्रम नव्हे. बहुतेक वेळा तो अर्धा तास तसाच शिल्लक राहतो, आणि आम्ही कोणाच्या तरी अंगणात उगाच ताटकळत बसतो. गेल्या एवढ्या दिवसांत तो दोनदाच कामी आला. एकदा रस्ता चुकलेल्या एका वृद्धेला घरी सोडण्यासाठी, आणि एकदा दुचाकीवरून घसरलेल्या मुलाला दवाखान्यात नेण्यासाठी. त्या मुलाच्या आईने धावत येऊन आम्हाला विचारले, "तुम्ही कोण?" या वेळीही आम्हाला नीट उत्तर सुचले नाही. पण या खेपेस ती वेळ टळून गेलेली नव्हती.

भाजीचा टेंपो चालविणाऱ्या त्या अनोळखी माणसालाही बाजाराची वेळ गाठायची असणारच. त्याची भाजी त्या उन्हात सुकली असेल. त्याने आमच्यासारखा विचार केला नाही, किंवा केला आणि तरीही तो थांबला. तो कोण, कोणत्या गावचा, कोणत्या धर्माचा, हे टपरीवाल्याला ठाऊक नव्हते. दाखल्यातल्या शोमरोन्याचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.